वहीचं शेवटचं पान

"बाई, हिला आता तुम्हीच काहीतरी सांगा. घरात माझं ऐकत नाही."

२०१८ सालचा जुलै महिना. घोटीतला जुलै म्हणजे काय, ते इथल्या बायकांना वेगळं सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन नाही, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत आणि शाळेच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग. त्यात आमची पालकसभा. ऐन आवणीच्या दिवसांत पालक यायचे कुठून? ज्या चार-सहा जणी आल्या, त्यातली ही एक. पायाला पोटरीपर्यंत चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि पदराखाली जपून आणलेली लेकीची गणिताची वही. मी चित्रकला शिकवायची, पण त्या वर्षी आठवीची वर्गशिक्षिकाही होते, म्हणून तक्रार माझ्याकडे.

तिने वही उलटी उघडून माझ्यासमोर धरली. "बघा, मागची सगळी पानं नासून ठेवलीत. वही काय फुकट येते?"

मी पाहिलं आणि पाहतच राहिले. निळ्या बॉलपेनने काढलेल्या बायका. सगळ्या पाठमोऱ्या, वाकलेल्या, आवणी करणाऱ्या. चेहरा एकीचाही दिसत नव्हता. तरी कोण दमली आहे, कोण नवखी आहे, कोण गप्पा मारता मारता हात चालवते आहे, ते नुसत्या पाठीवरून कळत होतं. एक जण मधेच उभी राहून कमरेवर हात ठेवून पाठ सरळ करत होती. मी मुलीला विचारलं, "ही कोण गं?" मुलगी खाली मान घालून उभी. तिची आई पुढे झुकली, निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर मीच!" आणि मग रागवायला आलो होतो हे आठवून जरा ओशाळली.

मी त्या माउलीला काय सांगितलं ते पुढे येईलच. त्याआधी मला माझी एक चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय या विषयावर लिहायचा मला अधिकार नाही असं वाटतं.

ही गोष्ट साधारण १९९४ ची. मला नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचा तो काळ. सहावीचा वर्ग, बाकं नव्हती, मुलं तरटपट्टीवर बसायची. वस्तुचित्राचा तास होता. टेबलावर एक डबा पालथा घालून त्यावर मी पितळी तांब्या ठेवला. फळ्यावर नमुना काढून दाखवला: आधी मधली रेघ, मग दोन्ही बाजू सारख्या, वर अंडाकृती तोंड. मुलं कामाला लागली. मी रांगांमधून फिरत होते.

पहिल्या रांगेत, टेबलाच्या अगदी पुढ्यात एक मुलगी बसलेली. आदिवासी वाडीवरून चालत येणारी, फारसं न बोलणारी. तिच्या तांब्याला तोंडच नव्हतं. वरचा काठ तिने कमानीसारखा, वर फुगलेला काढला होता. मी तिच्या हातातलं खोडरबर घेतलं, तो काठ पुसला आणि माझ्या पेन्सिलीने छान अंडाकृती तोंड काढून दिलं. ती हळूच म्हणाली, "पण बाई, मला तोंड दिसत नाही."

वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, "तांब्याला तोंड नसतं होय गं?" वर्ग आणखी हसला.

त्यानंतर ती फळ्यावर मी काढेन तसंच हुबेहूब काढायची. मी तिला दहापैकी सहा, सात असे गुणही देत गेले. सातवीनंतर ती शाळेत आली नाही.

पुढे दोनेक वर्षांनी अशाच एका तासाला माझ्या हातातून खडू पडला आणि टेबलाखाली गेला. तो घ्यायला मी खाली बसले, खडू सापडला, मान वर केली, तर समोर तांब्या. आणि त्याला तोंड नव्हतं! डोळ्यांच्या रेषेच्या वर ठेवलेल्या भांड्याचं तोंड खालून दिसतच नाही, काठ कमानीसारखा वर गेलेलाच दिसतो. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पंचवीस-तीस मुलांनी उभ्या असलेल्या बाईंना जे दिसतं ते काढलं होतं, आणि एकटीने तिला जे दिसत होतं ते काढलं होतं. तिचंच बरोबर होतं. मी तिच्या वाडीवर निरोप पाठवला, चौकशी केली. घरची मंडळी कामासाठी बाहेरगावी गेली होती. ती आज कुठे आहे, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी वस्तुचित्राच्या तासाला मुलांशेजारी खाली बसायला लागले. गुडघे कुरकुरायला लागले तरी बसले.

मैत्रिणींनो, 'मुलांमधली कला ओळखा' हे वाक्य आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलंय. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला तेव्हा आमच्या शाळेत कितीतरी आया डोळे पुसत विचारायला आल्या होत्या, "बाई, आमच्या ह्याच्यात पण असं काही लपलेलं असेल का हो?" चांगली गोष्ट. पण ओळखायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं, हे कोणी सांगत नाही. आणि आपण पाहतो ते बहुधा भलतंच असतं.

आपण काय पाहतो? स्वच्छपणा. रंग रेघेबाहेर गेला नाही, पान चुरगळलं नाही, चित्र 'ओळखू येतंय', की झालं, मूल कलाकार! घोटीसारख्या गावात मी तीस वर्षं मुलांना निसर्गचित्र काढताना पाहिलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली नदी, काठावर नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. अहो, नारळ कुठला आपल्याकडे? आणि त्रिकोणी डोंगर तरी कुठला? कळसूबाईची रांग उघड्या डोळ्यांना दिसते, अलंग-मदन-कुलंगचे माथे कापल्यासारखे सपाट आहेत, दूरवर भाताची खाचरं आहेत. एवढं सगळं दारात असताना मूल पुस्तकातला डोंगर काढतं आणि आपण टाळ्या वाजवतो. मग ज्या मुलाने खरंच खिडकीबाहेर पाहून सपाट डोंगर काढला, त्याला म्हणतो, "डोंगराला टोक काढ की रे!"

माझ्या अनुभवात, ज्याच्या हातात काही आहे ते मूल काढतं कमी आणि पाहतं जास्त. ते म्हशीकडे बघत उभं राहतं आणि तुम्ही पाठवलेलं दूध सांडतं. एकच गोष्ट ते पुन्हापुन्हा काढतं. महिनाभर नुसत्या सायकली, नाहीतर नुसते बैल. आपल्याला वाटतं याला दुसरं काही येत नाही. खरं तर त्याला ती सायकल अजून 'जमलेली' नसते. स्वतःच्या चित्रावर ते खूश नसतं, फाडून टाकतं. पोळ्याला मातीचे बैल सगळीच मुलं करतात, पण एखादं पोर असं निघतं की त्याच्या बैलाची मान एका बाजूला वळलेली असते, कारण शेजारच्यांचा बैल तशीच मान वळवून बघतो. ती वळलेली मान आपल्याला दिसली पाहिजे. गाण्याचंही तेच. स्टेजवर धीटपणे गाणारं मूल सगळ्यांना दिसतं. पण भजन चालू असताना कोपऱ्यात बसून मांडीवर बरोब्बर समेवर हात मारणारं पोर कोणाच्या लक्षात येत नाही. गाण्यातलं मला फारसं कळत नाही, म्हणून ते इथेच सोडते.

मोठमोठ्या चित्रकारांच्या लहानपणच्या गोष्टी वाचल्या की एक लक्षात येतं. त्यांना वेळेवर कोणीतरी नीट पाहणारं भेटलं होतं. सय्यद हैदर रझा हे जगप्रसिद्ध चित्रकार मध्य प्रदेशात मंडला भागातल्या जंगलपट्टीत वाढले. शाळेत त्यांचं चित्त म्हणून थाऱ्यावर नसायचं. त्यांच्या गुरुजींनी काय केलं? छडी नाही मारली. व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्या पोराला त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे रझा नागपूरला शिकले, मुंबईला आले, पॅरिसला गेले आणि उतारवयापर्यंत त्यांच्या चित्रांमध्ये तो ठिपका, तो 'बिंदू', मधोमध राहिला. २०१६ मध्ये ते गेले. एका खेडेगावातल्या मास्तरांनी काढलेला ठिपका जगभरच्या भिंतींवर जाऊन बसला.

इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या शेजारच्याच, आताच्या पालघर जिल्ह्यातले जिव्या सोमा म्हसे. लहानपणी त्यांची आई गेली. त्या धक्क्याने पोर बोलेनासं झालं. जे सांगायचं ते धुळीत बोटाने काढून सांगायचं. अशा मुलाला शाळेत आपण काय शेरा दिला असता, सांगा बरं? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार वारली पाड्यांवर आले. लग्नघरातल्या भिंतीवरच्या चौकाची चित्रं पाहायला, गोळा करायला. त्यांनी जिव्यांना कागद दिला, रंग दिला आणि मुख्य म्हणजे 'असं काढ, तसं काढ' म्हणून हात धरला नाही. त्या माणसाची चित्रं पुढे देशोदेशी गेली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले.

पण या गोष्टीतली एक बाजू बायकांनी बायकांना सांगण्यासारखी आहे. वारल्यांच्या लग्नातला चौक मुळात काढायच्या त्या सवाशिणी. तांदळाच्या पिठात पाणी कालवून, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करून, शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच ती चित्रं काढली. लग्न झालं की हळूहळू चित्र पुसट व्हायचं, पुढच्या सारवणात जायचं. त्या हातांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. जिव्यांचं मोठेपण यात कमी होत नाही. पण ही कथा वाचते तेव्हा मला दरवेळी त्या भिंतीशी उभ्या असलेल्या, पिठाने हात भरलेल्या बायका दिसतात.

कारण आपल्या घरांतही तेच चालतं. मुलगा चित्र काढतो म्हटलं की बाप चिडतो, "चित्रं काढून पोट भरणार आहे का?" चिडतो, म्हणजे निदान त्या गोष्टीची दखल तरी घेतो! मुलगी चित्र काढते म्हटलं की कोणीच चिडत नाही. सगळे कौतुक करतात. "छान हात आहे हो, दारात रांगोळी सुरेख येईल." मग रांगोळी येते, मेंदी येते, रुखवतावरचा साखरेचा किल्ला येतो आणि तिथेच गाडी थांबते. रांगोळीला मी नावं ठेवत नाही, मी स्वतः संक्रांतीला तास-तास बसते. पण मुलीच्या हाताला एवढंच अंगण पुरेसं आहे, हे आपण तिला न विचारताच ठरवून टाकतो.

ज्या घरात पाहणारं माणूस असतं तिथे काय होतं? थोर चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवत राहिले. त्यांची मुलगी अंबिका, जन्म १९१२ चा. वडिलांनी तिच्या हाताला रांगोळीपुरतं ठेवलं नाही. तिनेही जे. जे. मध्येच शिक्षण घेतलं आणि १९३१ मध्ये पदविका मिळवली. ज्या काळात आपल्या पणज्या नऊवारीचा पदर डोक्यावरून ढळू देत नव्हत्या, त्या काळातली ही गोष्ट! पण अंबिकाबाईंच्या घरात चित्रकार होता. आपल्या घरात नसतो. आपल्या घरात किराणा दुकान असतं, शेती असते, भाताच्या गिरणीतली पाळी असते.

आणि शाळेवर तरी सगळा भरवसा कसा ठेवायचा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असलेल्या शाळेसाठी. वाडीवस्तीवरच्या वीस-तीस पटाच्या शाळेत एकच गुरुजी गणितही शिकवणार, मतदारयादीही करणार आणि खिचडीचा हिशोबही ठेवणार. मला तर चांगली नोकरी होती, तरी वर्गात साठ मुलं आणि आठवड्याला दोन तास. एका मुलाच्या वाट्याला दीड मिनिटसुद्धा येत नाही. तेवढ्यात मी तांब्याचं तोंड काढून मोकळी! तुम्ही मात्र ते मूल रोज पाहता.

म्हणून आयांना मी नेहमी सांगायची की मुलाला महागडी रंगपेटी नको, कागद द्या. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं पाठीमागून कोरी असतात, लग्नपत्रिका असतात. काढलेल्या चित्रावर मागे तारीख घालून एका पिशवीत ठेवा. वर्षाने काढून बघा, तुम्हालाच फरक दिसेल. चित्र हातात आलं की "हे काय काढलंय?" असं विचारू नका, "मला सांग ना याबद्दल" म्हणा. पाहुणे आले की "बाळ, काकूंना चित्र काढून दाखव" हे तर अजिबात नको, मूल म्हणजे काय दरबारातला पोपट आहे? आणि कृपा करून त्याच्या चित्रात आपला हात घालू नका. स्पर्धेला पाठवायचं म्हणून आईनेच आकाश रंगवून दिलेली शेकडो चित्रं मी पाहिली आहेत. ती लगेच ओळखू येतात.

आता त्या पालकसभेकडे येते. मी त्या बाईला म्हटलं, "वही नासलेली नाही. हिला एलिमेंटरीला बसवू या." तिला वाटलं, मी मुलीला खालच्या वर्गात घालायचं म्हणतेय! मग सविस्तर सांगितलं. आपल्या राज्याच्या कला संचालनालयाची ही शासकीय रेखाकला परीक्षा. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे एलिमेंटरीचे पेपर. निकाल ए, बी, सी अशा श्रेणीत. बाईने एकच प्रश्न विचारला, व्यवहाराचा. "याचे मार्क धरतात का?"

धरतात. २०१७ मधल्या शासन निर्णयानुसार इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीच्या निकालात ए ला ७, बी ला ५, सी ला ३ असे वाढीव गुण मिळतात. मी खरं सांगते, या गुणांचं मला फारसं प्रेम नाही. गुणांसाठी परीक्षेला बसणाऱ्या मुलांची गर्दी वाढली आणि 'हमखास ए ग्रेड' वाले क्लासही निघाले, तिथे पुन्हा तेच अंडाकृती तोंड. पण त्या दिवशी ते सात गुण माझ्या कामाला आले. नुसतं "तुमच्या मुलीत कला आहे" म्हटलं असतं, तर ती बाई हो-हो करून आवणीला निघून गेली असती. सात गुण म्हटल्यावर ती खाली बसली.

सप्टेंबरअखेरीस परीक्षा झाली. दोन्ही दिवस बाई मजुरी बुडवून केंद्राबाहेर पायरीवर बसून होती. स्मरणचित्राचा पेपर सुटला तशी पोरगी बाहेर आली, बोटं रंगाने भरलेली. आईने आधी ओढणीकडे पाहिलं, रंग लागलाय का म्हणून, आणि मग विचारलं, "काय काढलंस?" पोरगी म्हणाली, "माणसं." "पुढून का पाठीमागून?" आईने विचारलं. मी शेजारी उभी होते. इतक्या वर्षांत चित्राबद्दल इतका नेमका प्रश्न मी कोणा परीक्षकाकडूनही ऐकला नव्हता.

निकाल आला, बी श्रेणी. भूमितीत मार खाल्ला असणार, परकराच्या काठासारख्या नागमोडी रेघा यायच्या तिच्या. मला थोडं वाईट वाटलं, मायलेकींना अजिबात नाही. आई विचारायला आली, "बी म्हणजे पास ना?" पास म्हटल्यावर तिने पिशवीतून दोरीने बांधलेला एक जाडजूड गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला. ती ज्या भाताच्या गिरणीत कामाला जायची, तिथल्या जुन्या बिलांचे कागद. शेठजींकडून मागून आणले होते. एका बाजूला तांदळाचे कट्टे आणि रकमा, दुसरी बाजू कोरी.

"हे पुरतील ना बाई इंटरमिजिएटपर्यंत?" तिने विचारलं. मग लेकीकडे वळून म्हणाली, "पण गणिताच्या वहीत पुन्हा काढलंस, तर बघ."